रंगाखालील अस्तर : प्रसाधनापूर्वी त्वचेची सिद्धता

भिंत रंगवावयास आलेला कारागीर रंगाचा डबा प्रथम उघडीत नाही. आधी तो जुने पोपडे खरवडतो, भेगांत लांबी भरतो, काचकागदाने भिंत घासून सारखी करतो आणि मग अस्तराचा एक हात देतो. हे अस्तर वाळल्यावरच खऱ्या रंगास आरंभ होतो. घाईने ही पायरी गाळली, तर रंग कोठे शोषला जातो, कोठे ओघळतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटू लागतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनाही ही गोष्ट पक्की ठाऊक होती. तेथील खडकाच्या खडबडीत भिंतींवर त्यांनी प्रथम भाताचा कोंडा व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा चढविला, त्यावर पांढऱ्या लेपाचे पातळ अस्तर दिले आणि त्यानंतरच कुंचला हाती घेतला.

चेहऱ्यावर रंग चढविण्यापूर्वी जो लेप लावतात, त्यालाही आज प्रायमर असेच म्हणतात. शब्द रंगाऱ्याच्या धंद्यातूनच आलेला आहे. ही उपमा सोयीची खरी. परंतु ती एका मर्यादेपर्यंतच चालते. भिंत निर्जीव असते. ती घाम गाळीत नाही, तेल स्रवत नाही, हसताना तिला सुरकुती पडत नाही आणि तिला लावलेला रंग तिच्या रक्तात उतरण्याचे भय नसते. त्वचेच्या बाबतीत ह्या चारही गोष्टी घडू शकतात. म्हणून चेहऱ्यावरील अस्तर काय करते ह्या प्रश्नाइतकाच ते काय करू शकत नाही, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. ज्यांना वर्षानुवर्षे, रात्रीमागून रात्र चेहरा रंगवावा लागतो, त्या नटनट्यांच्या दृष्टीने तर हा दुसरा प्रश्न सरळ आरोग्याचाच आहे.

जिवंत पृष्ठभाग

त्वचेच्या सर्वांत वरच्या भागास शृंगस्तर म्हणतात. शिंगे, नखे व केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, त्याच प्रथिनाने भरलेल्या चपट्या, मृत पेशींचे हे थर होत. चेहऱ्यासारख्या ठिकाणी शृंगस्तराची जाडी अवघी १० ते २० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; पुस्तकाचे साधे पानही ह्याच्या कित्येक पट जाड असते. शरीरातील पाणी आत राखणे आणि बाहेरचे पदार्थ बाहेर ठेवणे, ही दोन्ही कामे निसर्गाने इतक्या पातळ पडद्यावर सोपविलेली आहेत. मृत पेशी विटांप्रमाणे रचलेल्या असून त्यांच्यामधील फटी स्निग्ध द्रव्यांच्या चुन्याने बुजविलेल्या आहेत, असे त्वचाशास्त्रज्ञ त्याचे वर्णन करतात.

हा स्तर स्थिर नाही. बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते आणि सुमारे चार ते सहा आठवड्यांनी पृष्ठभागावरून अतिसूक्ष्म कोंड्याच्या रूपाने गळून पडते. त्यामुळे काल ज्या पृष्ठभागावर अस्तर दिले, तो पृष्ठभाग आज अगदी तोच राहिलेला नसतो. त्यातच चेहऱ्याच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९०० तैलग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारे तेल आणि घर्मग्रंथींतून येणारा घाम ह्यांचे मिळून त्वचेवर एक पातळ, किंचित आम्लधर्मी आवरण तयार होते. त्याचा पीएच ५ च्या आसपास असतो. कपाळ, नाक व हनुवटी ह्या ठिकाणी तेल अधिक, तर गालांच्या कडांस कमी. म्हणून सकाळी एकसारखा दिसणारा रंग दुपारपर्यंत नाकावर विरघळलेला आणि गालावर मात्र सुकून तडकलेला आढळतो.

उघड्या डोळ्यांना गुळगुळीत भासणारा गाल भिंगाखाली पाहिला, तर नांगरलेल्या शेताची आठवण व्हावी. बारीक रेषांचे जाळे सर्वत्र पसरलेले असून त्या रेषांची खोली साधारणतः २० ते १०० मायक्रॉन असते. प्रसाधनाच्या भुकटीचे कण ह्याहून पुष्कळ लहान असल्यामुळे ते चरांत साचतात, उंचवट्यांवरून पुसले जातात आणि झाकावयाच्या सुरकुत्याच अधिक ठळक होतात.

रंध्रांविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. वाफेने रंध्रे उघडतात व बर्फाने मिटतात, असे पुष्कळ जण मानतात. वास्तविक रंध्र म्हणजे केस व तैलग्रंथी ह्यांचे त्वचेवर उघडणारे तोंड होय. ते उघडमीट करणारा स्नायू तेथे नाही. थंडीने अंगावर काटा येतो, तो केसाच्या मुळाशी असलेल्या वेगळ्या स्नायूमुळे. त्याने रंध्राचे तोंड मिटत नाही. कोमट पाण्याने तोंडावरील तेल मऊ होऊन निघते आणि त्यामुळे रंध्रे लहान दिसतात, इतकेच. तेव्हा अस्तर रंध्रांना मिटवीत नाही. ते त्यांच्या खळग्यांवर सपाटी आणते.

थेंब कोठे पसरतो?

रंग त्वचेवर सारखा का पसरत नाही, हे समजण्यासाठी शाळेत सहज करता येण्याजोगा एक प्रयोग पाहावा. काचेच्या दोन पट्ट्या साबणाने धुऊन कोरड्या कराव्या. एकीवर बोटाने खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. दोहोंवर पाण्याचा एकेक थेंब सोडावा. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो. तेलकट काचेवर तो फुगीर राहतो. आता अशाच दोन पट्ट्या घेऊन पाण्याऐवजी तेलाचा थेंब सोडला, तर तो दोन्हींवर पसरलेला दिसेल.

ह्याचे कारण पृष्ठताणात आहे. पाण्याचे रेणू एकमेकांस जोराने धरून ठेवतात. त्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन असतो. खोबरेलासारख्या तेलांचा तो ३० च्या आसपास, तर सिलिकोन तेलांचा २० च्या जवळ असतो. ज्या द्रवाचा पृष्ठताण कमी, तो बहुतेक पृष्ठभागांवर आपण होऊन पसरतो. त्वचा, विशेषतः तेलकट त्वचा, ही तेल लावलेल्या काचेसारखी वागते. तिच्यावर पाण्यात कालविलेला रंग लावला, तर तो ठिपक्याठिपक्यांनी गोळा होतो. अस्तराचे पहिले काम हेच की, पुढे येणाऱ्या रंगाला सर्व ठिकाणी सारखाच पृष्ठभाग मिळवून द्यावयाचा.

दुसरा प्रयोग प्रकाशाचा आहे. तांदळाचे पीठ कोरडे असता पांढरेशुभ्र दिसते. त्यात खोबरेल तेल घालून कालवले, की ते मळकट व अर्धपारदर्शक होते. पिठाचा वक्रीभवनांक सुमारे १.५३ आणि तेलाचा १.४५, हे आकडे जवळजवळ असल्यामुळे प्रकाश कणांवर विखुरला न जाता पार निघून जातो. कोरड्या पिठाच्या कणांभोवती हवा असते, तिचा वक्रीभवनांक १. म्हणून पीठ पांढरे दिसते. जस्ताच्या ऑक्साइडचा वक्रीभवनांक सुमारे २, टिटॅनियम डायऑक्साइडचा तर २.५ ते २.७, त्यामुळे हे पदार्थ तेलात बुडाले तरी पांढरेच राहतात. चेहऱ्याच्या तेलाने साधी पावडर दुपारी काळवंडल्यासारखी का दिसते, ह्याचे उत्तर ह्या प्रयोगात आहे. कणांमधील हवेची जागा तेल घेते. अस्तर तेलाला काही काळ थोपवून धरते, तेव्हा ते खऱ्या अर्थाने रंगाचा रंगच टिकवीत असते.

कोल्ड क्रीम आणि स्नो

प्रायमर हे नाव नवे असले, तरी वस्तू नवी नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या गेलन ह्या वैद्याच्या नावावर मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी ह्यांच्या एका लेपाची कृती नोंदलेली आहे. कोल्ड क्रीमचा तो मूळपुरुष. त्यातील पाणी त्वचेवरून उडून जाताना थंडावा वाटतो म्हणून हे नाव. युरोपातील नट चरबीयुक्त रंग लावण्यापूर्वी कोल्ड क्रीम चोळून ते पुन्हा पुसून टाकीत. मागे जी पातळ स्निग्ध साय उरे, ती त्यांचे अस्तर.

भारतीय घरांत मात्र अस्तराचे काम दीर्घकाळ केले ते स्नोने. स्नो-पावडर हा जोडशब्दच मराठीत रुळला, आणि त्यातील क्रमही बरोबर आहे : आधी स्नो, मग पावडर. १९१९ साली मुंबईत ई. एस. पाटणवाला ह्यांनी बाजारात आणलेला अफगाण स्नो पुढे घरोघरी पोचला. स्नोचे रसायन मोठे साधे आहे. स्टिअरिक आम्ल हे मेणासारखे मेदाम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. ते वितळवून त्यात अल्कलीचे गरम पाणी ढवळीत ओतले, म्हणजे आम्लाच्या थोड्या भागाचा साबण बनतो आणि हा साबण उरलेल्या आम्लाचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवतो. थंड झाल्यावर मोत्यासारखी चमक असलेला पांढरा लेप मिळतो. तो चोळताच पाणी उडते, पांढरेपणा नाहीसा होतो आणि स्टिअरिक आम्लाचा एक अदृश्य, न चिकटणारा थर मागे राहतो. इंग्रजीत त्यास अदृश्य होणारे क्रीम म्हणतात, ते ह्याचमुळे. ह्या थराला पावडर धरते आणि चेहरा तुपकट दिसत नाही. तथापि साबणामुळे स्नो किंचित अल्कधर्मी असतो. कोरड्या त्वचेस तो पुष्कळदा ओढल्यासारखा वाटतो.

रंगभूमीवरील सफेदा

मेणबत्तीच्या किंवा वायूच्या दिव्यांच्या मंद प्रकाशात नटाचा चेहरा दूरच्या प्रेक्षकास दिसावा, म्हणून त्यास पांढऱ्या रंगाची गरज असे. येथून ह्या विषयातील धोक्याचा भाग सुरू होतो. सफेदा ह्या एकाच नावाने दोन अगदी भिन्न पदार्थ ओळखले जातात : एक शिशाचा, म्हणजे शिशाचे अल्कधर्मी कार्बोनेट; दुसरा जस्ताचा, म्हणजे जस्ताचे ऑक्साइड. दोहोंचा वक्रीभवनांक जवळपास सारखा, झाकण्याची शक्ती मोठी, डोळ्यांना फरक कळू नये असा रंग. परंतु पहिला विष आहे आणि दुसरा त्वचारोगांच्या मलमांत घालतात.

युरोपात शिशाचा सफेदा कित्येक शतके उच्चकुलीन स्त्रियांच्या प्रसाधनपेटीत होता. कॉव्हेंट्रीची उमराव-पत्नी मारिया हिचा १७६० साली वयाच्या २७ व्या वर्षी मृत्यू झाला, तेव्हा त्या काळच्या लोकांनीच त्याचा संबंध ह्या सफेद्याशी जोडला. येथे शास्त्रीय काटेकोरपणा राखावयास हवा. धड त्वचेतून शिशाची असेंद्रिय संयुगे फार थोड्या प्रमाणात आत जातात. शिसे शरीरात शिरते ते मुख्यतः ओठांवाटे, बोटांवाटे तोंडात आणि भुकटीच्या रूपाने श्वासात. पण रोज चेहरा रंगविणाऱ्याच्या बाबतीत हे तिन्ही मार्ग रोज उघडे असतात, आणि शिसे हाडांत साठून राहते. त्वचा सोलवटलेली किंवा दाढी करताना कापलेली असेल, तर चौथा मार्गही उघडतो.

ह्यातून सुटका झाली ती जस्तामुळे. लाइपझिगच्या नाट्यगृहातील कार्ल बाउडिन ह्या नटाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जस्ताचा सफेदा, पिवळी माती व डुकराची चरबी ह्यांचे मिश्रण टोप व कपाळ ह्यांच्यामधील सांधा झाकण्यासाठी वापरले. लुडविग लाइखनर ह्या ऑपेरा-गायकाने १८७३ साली बर्लिनमध्ये कारखाना काढून शिसेविरहित रंगकांड्या बनविण्यास आरंभ केला आणि त्या जगभर पसरल्या. चित्रपट आला तेव्हा जवळून घेतलेल्या दृश्यांत जाड रंगाचे थर उघडे पडू लागले. मॅक्स फॅक्टरने १९१४ साली पातळ क्रीमसारखा रंग तयार केला आणि पुढे १९३० नंतरच्या दशकात ओल्या स्पंजाने लावावयाची वडी बाजारात आणली. थर जसजसा पातळ होत गेला, तसतसे त्याखालील त्वचेच्या सपाटीला महत्त्व येत गेले. जाड रंग स्वतःच खळगे बुजवितो. पातळ रंगाला दुसऱ्या कोणीतरी ते बुजवून द्यावे लागतात.

कथकळीचा चेहरा

भारतात चेहऱ्याच्या रंगकामाची सर्वांत विस्तृत परंपरा केरळच्या कथकळीत पाहावयास मिळते. तेथे वेषभूषेस तीनचार तास सहज लागतात. प्रथम नट स्वतः आरशासमोर बसून मुख्य रेषा व रंग लावतो. ह्या अवस्थेस तेप्पु म्हणतात. मग तो जमिनीवर उताणा पडतो आणि चुट्टी करणारा कलावंत त्याच्या जबड्याच्या कडेने पांढरी झालर उभारतो. पूर्वी ही झालर तांदळाचे पीठ व चुना ह्यांच्या लेपाचे थर देऊन करीत. पुढे कागदाचा वापर रूढ झाला. ह्या दीर्घ वेळात नटास झोप लागते, आणि बोलण्याहसण्याने चेहऱ्याची हालचाल होत नसल्यामुळे लेप तडकत नाही, ही त्यातील मोठीच सोय आहे.

रंग खोबरेल तेलात घोटलेले असतात. म्हणजे येथे रंगाचे वाहन आणि त्वचेचे अस्तर ही दोन्ही कामे एकच तेल करते. ते त्वचेवर चांगले पसरते, कणांना एकमेकांशी व त्वचेशी धरून ठेवते, घामाच्या पाण्याला दूर सारते आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा खोबरेल लावले की रंग सुटून येतो. चुट्टीचा पांढरेपणा मात्र वेगळ्या तत्त्वावर उभा आहे. वाळलेल्या लेपातील पीठ व चुना ह्यांच्या कणांमध्ये हवा अडकते आणि तीच प्रकाश विखुरते. वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रयोगाचे हे जणू रंगमंचावरील रूप होय.

तेलाची निवड इतकी योग्य असली, तरी परंपरेने आलेल्या काही रंगद्रव्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. मनयोला नावाचा पिवळा रंग हे आर्सेनिक व गंधक ह्यांचे खनिज. मराठीतील मनशीळ व हरताळ ह्यांच्याच कुळातील. (हरताळ फासणे हा वाक्प्रचार पोथीतील चुकीची अक्षरे ह्या पिवळ्या खनिजाने झाकण्याच्या लेखकांच्या रीतीवरून आला.) त्यात नीळ मिसळली, की नायकाच्या चेहऱ्याचा प्रसिद्ध हिरवा रंग, म्हणजे पच्च, मिळतो. तांबडा रंग चायिल्यम् हा हिंगूळ, म्हणजे पारा व गंधक ह्यांचे संयुग. ही दोन्ही संयुगे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून त्यांचा परिणाम तत्काळ दिसत नाही. परंतु आर्सेनिकची ही खनिजे प्रकाशात व दमट हवेत राहिली, तर त्यांचा काही अंश सोमलात पालटतो, आणि सोमल विरघळणारा आहे. शिवाय बाजारातील खनिज शुद्धच असेल, ह्याची खात्री नसते. हिंगुळात शेंदराची भेसळ असेल, तर पाऱ्याच्या सोबतीला शिसेही आले.

भारतात २०२० साली लागू झालेल्या प्रसाधन नियमांनुसार शिसे व आर्सेनिक ह्यांची संयुगे रंगासाठी घालून प्रसाधने तयार करण्यास मनाई आहे, आणि डोळ्यांव्यतिरिक्त अन्य प्रसाधनांत पारा नकळत आला तरी तो दहा लक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. पण हे नियम कारखान्यातील तयार मालाला लागू पडतात. नटाने खडा विकत आणून स्वतः दगडावर घोटला, तर त्या दगडापाशी कोणी निरीक्षक उभा नसतो. पच्चची छटा निर्धोक रंगद्रव्यांतून हुबेहूब उतरविणे कठीण असेल. तथापि तीस-चाळीस वर्षे रंगमंचावर काढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचा हा प्रश्न आहे, आणि छटेतील थोडासा फरक हे त्यासाठी मोठे मोल म्हणता येणार नाही.

वाळूपासून निघालेले अस्तर

विसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात जे प्रायमर आले, त्यांपैकी बहुतेकांचा पाया सिलिकोन हा आहे. ह्या वर्गातील संयुगांवर इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग ह्या रसायनशास्त्रज्ञाने शतकाच्या प्रारंभी मूलभूत संशोधन केले. वाळूतील सिलिकॉन हे मूलद्रव्य वेगळे काढून त्यापासून सिलिकॉन व ऑक्सिजन ह्यांच्या एकाआड एक अणूंची लांब साखळी बनवितात. साखळीच्या दोन्ही अंगांना मेथिल गट लोंबत असतात. ही साखळी फार लवचीक असते आणि तिच्या रेणूंमधील ओढ अत्यंत कमी असते. म्हणूनच तिचा पृष्ठताण कमी आणि म्हणूनच बोटांना तो रेशमी निसरडेपणा जाणवतो.

ह्या साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी जोडल्या, की रबरासारखे मऊ, काही मायक्रॉन व्यासाचे गोलक तयार होतात. प्रायमरमध्ये हे गोलक पातळ, उडून जाणाऱ्या सिलिकोनात फुगविलेले असतात. लेप लावल्यावर पातळ भाग काही वेळात उडून जातो आणि गोलक चरांत व रंध्रांच्या खळग्यांत बसतात. ते लांबी भरण्याचे काम करतात, आणि प्रकाश सर्व दिशांना विखुरून रेषांची सावली पुसट करतात. त्वचा बदललेली नसते. सावली बदललेली असते. उडून जाणाऱ्या द्रव्यांपैकी डी-५ ह्या नावाने ओळखले जाणारे वर्तुळाकार सिलिकोन पाण्यात व जीवसृष्टीत दीर्घकाळ टिकते, असे आढळल्यामुळे युरोपीय संघाने २०२० पासून धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत त्यावर बंधन घातले. त्वचेवर राहू द्यावयाच्या प्रसाधनांनाही ते बंधन २०२७ पासून लागू करण्याचा निर्णय २०२४ साली झाला.

सिलिकोनवर पाण्याचा रंग लावला, तर पुष्कळदा त्याच्या बारीक वळ्या होऊन तो बोटाखाली निघून येतो. तेलकट काचेवरील थेंबाचीच ही गोष्ट. तेव्हा अस्तर व रंग ह्यांचे वाहन एकाच जातीचे असावे : सिलिकोनवर सिलिकोनचा, पाण्यावर पाण्याचा. वेष्टनावरील घटकांच्या यादीत पहिली चारपाच नावे वाचली, तरी ही जात बहुधा कळते.

अस्तर म्हणजे तटबंदी नव्हे

अस्तर खाली असले, म्हणजे वरचा रंग त्वचेस बाधत नाही, अशी समजूत नटांत व सामान्यांत सारखीच आढळते. ती अर्धीच खरी आहे. रंगाचे कण चरांत घट्ट बसू नयेत, तो सहज निघावा, हे अस्तर करू शकते. परंतु त्वचेच्या आतबाहेर होणाऱ्या देवघेवीवर त्याचा परिणाम कधी कधी उलटाही होतो. एरवी शृंगस्तरात १० ते २० टक्के पाणी असते. मेण, चरबी किंवा दाट तेल ह्यांच्या थराने बाष्पीभवन अडविले, तर हे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत चढू शकते. पेशी फुगतात, विटांमधील चुना सैल पडतो आणि कित्येक पदार्थ आत शिरणे सोपे होते. त्वचेवर लावण्याच्या औषधांवर पट्टी बांधतात, ती ह्याच कारणाने. म्हणजे विषारी रंगाखाली दिलेले जड अस्तर त्या रंगाला वाट करून देण्याचाही संभव आहे.

सिलिकोनचे रेणू स्वतः मोठे असतात. सर्वसाधारणपणे ५०० डाल्टनहून जड रेणू धड त्वचेतून आत जात नाहीत, आणि प्रायमरमधील साखळ्या ह्याच्या अनेक पट जड असतात. पण प्रायमरमध्ये केवळ सिलिकोन नसते. सुगंधी द्रव्ये व परिरक्षकेही असतात, आणि त्यांचे रेणू लहान असतात. बहुतेक ॲलर्जीचे मूळ तेथे सापडते. प्रसाधनांमुळे होणाऱ्या मुरुमांचे स्वतंत्र वर्णन अमेरिकेतील क्लिगमन व मिल्स ह्यांनी १९७२ साली केले. असे पुरळ बारीक, हनुवटी व गाल ह्यांवर अधिक आणि वापर सुरू केल्यावर महिने लोटल्यानंतर दिसणारे असते; त्यामुळे त्याचे कारण ध्यानात येत नाही, आणि ते झाकण्यासाठी आणखी रंग लावला जातो.

लावण्याचा क्रम

नवा लेप प्रथमच चेहऱ्यास लावू नये. कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागेवर तो आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहावा. खाज, लाली किंवा पुरळ न आल्यास पुढे जावे. पुरुष नटांनी दाढी प्रयोगाच्या कित्येक तास आधी उरकावी, कारण वस्तऱ्याने शृंगस्तर खरवडला जातो आणि सूक्ष्म कापही पडतात. जखम, नायटा किंवा सुजलेले मुरूम असलेल्या जागी अस्तर देऊ नये.

चेहरा सौम्य साबणाने व कोमट पाण्याने धुवावा आणि पंचाने टिपून घ्यावा, चोळू नये. त्वचा कोरडी असेल, तर हलके क्रीम लावून पाचदहा मिनिटे थांबावे. हे थांबणे सर्वांत अधिक टाळले जाते आणि सर्वांत अधिक उपयोगाचे असते. क्रीममधील पाणी उडाल्यावाचून वरचा थर धरत नाही. मग वाटाण्याच्या दाण्याएवढे प्रायमर दोन्ही हातांच्या बोटांवर घेऊन नाकापासून कानांकडे पसरावे. पापण्यांच्या कडा व ओठ वगळावे. अधिक घेतल्याने अधिक सपाटी येत नाही. उलट थर घसरतो. बोटाला निसरडेपणा लागेनासा झाला, म्हणजे रंगाला आरंभ करावा, आणि तो घासून नव्हे, तर स्पंजाने दाबून, दोन पातळ हातांत द्यावा. एका मंडळीत अनेकांनी एकच स्पंज वापरण्याची चाल असते. तिच्यामुळे नायट्यासारखे रोग एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातात.

उतरविताना क्रम उलटा असतो. आधी तेल, कारण स्निग्ध रंग व सिलिकोन पाण्याने सुटत नाहीत. खोबरेलाने किंवा द्रव पॅराफिनने रंग सैल करून मऊ कापडाने पुसावा, आणि कापड डागाळेनासे झाल्यावर मग साबण. पहाटे संपणाऱ्या प्रयोगानंतर थकलेला नट बहुधा कापड एकदाच फिरवून आडवा होतो. कानांमागे, केसांच्या कडेस व हनुवटीच्या खाली उरलेला रंग मग दिवसभर तेथेच राहतो.